बाबांचा एमआरआय : चुंबक, पाणी आणि डोळ्यातला लोखंडाचा कण

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी ३४ वर्षे लेथवर काम केले आणि चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. तीन महिन्यांपासून त्यांची कंबर दुखते, कळ डाव्या पायातून अंगठ्यापर्यंत उतरते आणि अंगठा बधिर वाटतो. औषधे व व्यायाम यांनी फरक पडला नाही, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी कमरेचा एमआरआय करायला सांगितले आहे. पण शेजारच्या काकांनी ‘ते मशीन अंगात किरण सोडते, हृदयात स्टेंट असलेल्याने त्यात जाऊ नये’ असे सांगितल्यापासून बाबा तयारच होत नाहीत. २०२१ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. बारावीत शिकणारा माझा भाचा म्हणतो, की या तपासणीच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द होता. त्यामुळे मीही घाबरले आहे. बोगद्यात कोंडल्यासारखे होईल ही बाबांची धास्ती वेगळीच. आम्ही दोन केंद्रांत चौकशी केली. एकाकडे दीड टेस्लाचे यंत्र आहे, दुसऱ्याकडे तीन टेस्लाचे, आणि त्याचा दर जास्त आहे. बाबांचा स्वभाव असा, की यंत्र कसे चालते हे कळल्याशिवाय ते त्याला हात लावत नाहीत. त्यांना पटेल अशा रीतीने समजावून सांगाल का?
— मिरजेहून एक वाचक

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचताना मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटली, ती तुमच्या प्रश्नांत कुठेच नाही. किरण, स्टेंट, बोगदा या सगळ्यांची उत्तरे मी सविस्तर देणार आहे, पण त्याआधी तुम्ही बाबांना आजच एक प्रश्न विचारा : लेथवर किंवा ग्राइंडरवर काम करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का? टूलला धार लावताना ठिणगी उडाली, कंपनीच्या दवाखान्यात कण काढून घेतला, चार दिवस डोळा लाल राहिला आणि नंतर सगळे विसरून गेले, असे अनुभव लेथवरच्या बहुतेक कामगारांच्या गाठीशी असतात आणि त्यांना ते सांगण्यासारखेही वाटत नाहीत. पण डोळ्याच्या आत रुतून राहिलेला लोखंडाचा बारीक कण वर्षानुवर्षे काही त्रास न देता तिथेच पडून राहू शकतो, आणि एमआरआयच्या चुंबकाजवळ गेल्यावर तो हलला तर आतल्या नाजूक भागाला इजा करू शकतो. धातुकाम करणाऱ्या एका रुग्णाच्या डोळ्यात अशाच कणामुळे रक्तस्राव होऊन त्या डोळ्याची दृष्टी गेल्याची घटना १९८६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. तेव्हापासून अशा रुग्णांना आधी विचारायचे आणि शंका असल्यास डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढून पाहायचे, ही पद्धत रूढ झाली.

बाबांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘आठवत नाही’ असे आले, तर केंद्रात वेळ घेतानाच ते सांगा. एक्स-रे काढायला पाच मिनिटे लागतात. त्यात कण दिसला नाही तर तपासणी निर्धास्तपणे करता येते आणि दिसला तर तो कुठे आहे हे पाहून पुढचा निर्णय घेतात. तपासणीपूर्वी जो छापील अर्ज भरून घेतात त्यात हा प्रश्न असतोच, परंतु घाईघाईने सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहून खाली सही करणारे नातेवाईक मी माझ्या कामात रोज पाहते. तुमच्या घरी तो अर्ज बाबांनी स्वतः, चष्मा लावून, सावकाश वाचून भरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता किरणांकडे वळू. काकांच्या मनात एक्स-रे आणि सीटी स्कॅन असावेत. त्या दोन्ही तपासण्यांत क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, आणि त्या किरणांत अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते. म्हणूनच त्या यंत्रांवर आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरलेच जात नाहीत. त्यात एक मोठे चुंबक असते आणि रेडिओलहरी असतात, आपल्या घरातल्या एफएम रेडिओला मिळतात त्याच जातीच्या. क्ष-किरणाच्या एका कणात जितकी ऊर्जा असते, तिच्यापेक्षा या रेडिओलहरींच्या एका कणातली ऊर्जा कोट्यवधी पटींनी कमी असते, त्यामुळे त्यांच्या हातून अणू मोडण्याचे काम होऊच शकत नाही. त्यांनी शरीराला थोडी ऊब मिळते आणि ती मर्यादेत राहावी याचा हिशेब यंत्र रुग्णाच्या वजनावरून आपोआप करते.

भाच्याची माहिती मात्र खरी आहे. या तंत्राचे मूळ नाव ‘न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स’ असेच होते आणि प्रयोगशाळांत आजही तेच वापरतात. त्यातल्या ‘न्यूक्लिअर’चा अर्थ केवळ ‘अणुकेंद्रकाशी संबंधित’ एवढाच आहे. केंद्रक फुटत नाही, बदलत नाही, किरणोत्सारी पदार्थ कुठेही वापरला जात नाही. पण अणुबॉम्ब आणि अणुभट्टी यांच्या सावलीत वाढलेल्या लोकांना तो शब्द ऐकून धडकी भरते हे लक्षात आल्यावर रुग्णालयांनी तो गाळला. माझ्या मते तो गाळला नसता तरी चालले असते, कारण सगळी गंमत त्या केंद्रकातच आहे.

बाबांना यंत्र कळल्याशिवाय चैन पडत नाही, हे वाचून मला आनंद झाला. त्यांना पुढचा भाग वाचून दाखवा.

आपल्या शरीराच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, आणि चरबीतही हायड्रोजन भरपूर असतो. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक म्हणजे एकच एक प्रोटॉन, आणि हा प्रोटॉन अतिशय सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. एरवी हे चुंबक वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात आणि एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात, म्हणून आपल्या अंगाला टाचणी चिकटत नाही. आता माणसाला एका जबरदस्त चुंबकाच्या पोटात झोपवले, की या सूक्ष्म चुंबकांचा कल त्या मोठ्या चुंबकाच्या दिशेने किंचित झुकतो. किती किंचित, ते ऐकून बाबांना आश्चर्य वाटेल : दीड टेस्लाच्या यंत्रात दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाचांचे आधिक्य त्या दिशेला मिळते. हे मताधिक्य फारच तोकडे वाटते, परंतु एक मिलिलिटर पाण्यात हायड्रोजनचे अणूच इतके असतात, की सहाच्या आकड्यावर बावीस शून्ये द्यावी लागतील. त्यामुळे दहा लाखांत पाच या प्रमाणानेही मोजता येण्याजोगे चुंबकत्व उभे राहते.

एक टेस्ला म्हणजे किती, याचा अंदाज असा करा. होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एका टेस्लाच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास भरते. म्हणजे दीड टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या सुमारे तीस हजार पट जोराचे आहे. बाबांनी डायल गेज लावायचा मॅग्नेटिक बेस हाताळला असेल. त्याची पकड पोलादाला टेकवल्यावरच जाणवते, हे चुंबक मात्र खोलीच्या दारातून लोखंड ओढून घेते.

त्या चुंबकात प्रोटॉन नुसते उभे राहत नाहीत. फिरता भोवरा थोडा कलला की त्याचा माथा जसा गोल गोल घुमू लागतो, तसे ते चुंबकाच्या दिशेभोवती घुमतात. या घुमण्याचा वेग चुंबकाच्या जोरावर अवलंबून असतो आणि तो अत्यंत काटेकोर असतो : एक टेस्लाला सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेरे. दीड टेस्लाला हा आकडा साधारण ६ कोटी ४० लाख होतो, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ. आपल्या एफएम रेडिओचा पट्टा ८८ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत असतो, त्याच्या थोडासा खालचा हा सूर आहे. यंत्र नेमक्या याच सुराची रेडिओलहर क्षणभर सोडते आणि प्रोटॉन ती ऊर्जा घेऊन कलतात. सूर थोडा जरी वेगळा असला तरी ते दाद देत नाहीत. याला अनुनाद म्हणतात, आणि मिरजेच्या माणसाला तो समजावून सांगण्यासाठी मला दूर जाण्याची गरज नाही. तुमच्या गावात सतारी घडवणाऱ्यांच्या दुकानात कधीतरी उभे राहून पाहा. सतारीच्या पडद्यांखालून तरफेच्या तारा गेलेल्या असतात आणि त्यांना कोणी बोट लावत नाही. वरच्या तारेवर एखादा स्वर वाजला, की त्याच स्वराला मिळवलेली तरफेची तार आपोआप झंकारते आणि बाकीच्या गप्प राहतात. वरची तार हाताने दाबून थांबवली तरी तरफ काही क्षण गुणगुणत राहते.

एमआरआयची सगळी किमया त्या मागे उरणाऱ्या गुणगुणण्यात आहे. यंत्र रेडिओलहर बंद करते आणि ऐकू लागते. कललेले प्रोटॉन घुमत घुमत मूळ स्थितीकडे परत येताना स्वतःच त्या सुराची अतिक्षीण लहर बाहेर टाकतात, आणि रुग्णाच्या अंगालगत ठेवलेली तारेची वेटोळी, जिला आम्ही कॉइल म्हणतो, ती लहर टिपते. डायनॅमोत फिरते चुंबक तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण करते, तेच इथे होते, फक्त चुंबक पाण्याच्या रेणूतला आहे. हा संदेश इतका दुबळा असतो, की बाहेरच्या रेडिओ केंद्रांच्या गोंगाटात तो हरवून जाईल, म्हणून त्या खोलीच्या भिंती, छत आणि जमीन आतून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते आणि काचेच्या खिडकीतही बारीक जाळी असते. बाबांनी खिडकीतली ती जाळी आवर्जून पाहावी.

आता खरा पेच असा, की सगळे शरीर एकाच सुरात बोलू लागले तर कोणता आवाज कुठून आला हे कळणार कसे? फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी अमेरिकेत १९४६ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे या अनुनादाचे प्रयोग यशस्वी केले आणि १९५२ चे भौतिकीचे नोबेल मिळवले, त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे हे तंत्र रसायनशास्त्रज्ञांच्या परीक्षानळीतच राहिले ते याच कारणाने. त्या काळातली एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. प्रोटॉनच्या शेजारी कोणते अणू आहेत यावरून त्याचा सूर किंचित बदलतो, हे १९५१ मध्ये साध्या अल्कोहोलमध्ये तीन वेगळे सूर ओळखून दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तिघांपैकी एक एस. एस. धर्मट्टी हे भारतीय होते, आणि पुढे त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम सुरू केले. आपल्याकडे या विद्येचे मूळ रुग्णालयांतल्या यंत्रांपेक्षा कितीतरी जुने आहे.

पेच सोडवला तो पॉल लॉटरबर यांनी. मुख्य चुंबकाचे क्षेत्र सगळीकडे सारखे ठेवण्यासाठी सगळे धडपडत असताना त्यांनी ते मुद्दाम थोडे असमान करण्याची कल्पना १९७३ मध्ये मांडली. डोक्याकडे किंचित जास्त, पायांकडे किंचित कमी, असा उतार क्षेत्राला दिला, की घुमण्याचा वेगही जागेनुसार बदलतो. मग शरीराची अवस्था हार्मोनियमच्या पट्टीसारखी होते : सूर ऐकून तो कुठल्या जागेवरचा आहे हे सांगता येते. असे उतार तीन दिशांना आळीपाळीने द्यायचे, दर वेळी मिळालेला मिश्र आवाज नोंदवायचा, आणि त्यातून प्रत्येक सूर किती जोराचा आहे हे गणिताने वेगळे काढायचे, म्हणजे चित्र उभे राहते. हे गणित आणि ते झटपट करण्याच्या रीती इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी विकसित केल्या, आणि २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना विभागून मिळाले. रेमंड डमाडियन यांनी १९७१ मध्येच ट्यूमरच्या आणि निरोगी पेशींच्या प्रोटॉनांचा परत येण्याचा वेळ वेगळा असतो हे दाखवले होते, आणि १९७७ मध्ये त्यांच्या यंत्राने माणसाच्या छातीचे पहिले चित्र घेतले, त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. बाबांना वीस ते तीस मिनिटे पडून राहण्याचा कंटाळा आला, तर याची आठवण करून द्या.

चित्रात काळे-पांढरे कशामुळे दिसते, हेही बाबांना कळायला हवे, कारण त्यांच्या कमरेचे निदान त्यावरच ठरणार आहे. कलवलेले प्रोटॉन परत जागेवर येण्याचा वेळ प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. चरबीत ते सेकंदाच्या छोट्याशा भागात सावरतात, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या निवळ पाण्यात मात्र कित्येक सेकंद घेतात. आम्ही ऐकण्याची वेळ लवकर किंवा उशिरा ठरवून हवा तो फरक उठावदार करतो. एका प्रकारच्या चित्रात चरबी पांढरी आणि पाणी काळे दिसते, दुसऱ्या प्रकारात पाणी लखलखते. या दुसऱ्या प्रकारात कमरेच्या मणक्यांमधली निरोगी गादी मध्यभागी पांढुरकी दिसते, कारण तिचा गर पाण्याने भरलेला असतो. वय वाढेल तसे ते पाणी आटते आणि गादी काळवंडत जाते. गादीचा भाग मागे सरकून पायाकडे जाणाऱ्या शिरेला, म्हणजे मज्जातंतूला, टेकला असेल, तर शिरेभोवतीच्या पांढऱ्या पट्टीला तिथे खळगा पडलेला दिसतो. एक्स-रेमध्ये यातले काहीच दिसत नाही, तिथे फक्त हाडे उमटतात आणि गादीच्या जागी रिकामी फट दिसते. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी कळ आणि बधिरपणा ही शीर दाबली गेल्याची लक्षणे असू शकतात, आणि तीन महिन्यांच्या उपचारांनंतरही ती टिकून असताना तुमच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगणे मला योग्य वाटते.

स्टेंटबद्दल आता थोडक्यात सांगता येईल. हृदयाच्या धमनीतले स्टेंट बहुधा स्टेनलेस स्टीलच्या ३१६ जातीचे किंवा कोबाल्ट-क्रोमियम व तत्सम मिश्रधातूंचे असतात. ३१६ ला चुंबक जवळजवळ लागत नाही हे बाबांना लेथवरच्या अनुभवाने ठाऊक असेल. आज वापरात असलेले हृदयातले स्टेंट तीन टेस्लापर्यंतच्या यंत्रात सुरक्षित ठरलेले आहेत आणि बाबांच्या स्टेंटला तर अनेक वर्षे झाली आहेत. तरीही अँजिओप्लास्टीच्या वेळी मिळालेले स्टेंटचे कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद सोबत न्या आणि तंत्रज्ञाला दाखवा. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप किंवा कानातले कॉक्लिअर इम्प्लांट यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतली काही चालतात, काही अजिबात चालत नाहीत, आणि कंपनी व मॉडेल पाहिल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ नये. काकांनी ऐकलेली गोष्ट बहुधा पेसमेकरची असावी.

दीड की तीन टेस्ला, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे : कमरेच्या गादीसाठी दीड टेस्ला पुरेसा आहे. चुंबक दुप्पट जोराचे झाले की संदेश साधारण दुप्पट मिळतो आणि त्यातून अधिक बारकावे किंवा कमी वेळ साधता येतो, हे खरे आहे. मेंदूतले सूक्ष्म विकार, लहान सांधे, प्रोस्टेट अशा ठिकाणी त्याचा उपयोग होतो. पण त्याच वेळी शरीरात जिरणारी रेडिओऊर्जा सुमारे चौपट होते आणि धातूच्या आसपासचे चित्र जास्त बिघडते. मणक्याच्या गादीचा प्रश्न सोडवायला जादा पैसे मोजण्यापेक्षा चित्रे वाचणारा रेडिओलॉजिस्ट मणक्याच्या कामात मुरलेला आहे का, हे तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.

बोगद्याची भीती खरी असते आणि तिला हसू नये. यंत्राच्या पोकळीचा व्यास सहसा ६० सेंटिमीटर असतो, नव्या यंत्रांत ७०. वेळ घेताना रुंद पोकळीचे यंत्र आहे का, हे जरूर विचारा. कमरेच्या तपासणीत डोके पोकळीच्या आत जाते, म्हणून आत सरकण्यापूर्वीच डोळ्यांवर स्वच्छ रुमाल ठेवायला सांगा. आत गेल्यावर डोळे उघडून छत किती जवळ आहे हे पाहिले, की घाबरगुंडी उडते. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की तंत्रज्ञ लगेच बोलतो आणि हवे तर बाहेरही काढतो. तपासणीपूर्वी तो एकदा दाबून पाहिला, तर मनाला मोठा आधार मिळतो. दोन्ही टोके उघडी असतात, आत उजेड आणि वारा असतो. तुम्ही स्वतः धातू उतरवून, अर्ज भरून खोलीत त्यांच्या पायाशी बसू शकता का, हे केंद्राला विचारा, कारण बहुतेक ठिकाणी परवानगी देतात. एवढे करूनही जमत नसेल तर सौम्य गुंगीचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते, पण हृदयरोग असल्यामुळे ते आयत्या वेळी न मागता आधी ठरवून ठेवा.

आवाज मोठा येतो, ठकठक, घरघर, मध्येच भोंगा वाजल्यासारखा, आणि तो शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो. बाबांना कारण आधीच कळले तर दचकणार नाहीत. क्षेत्राला उतार देण्यासाठी यंत्रात तारेची वेगळी वेटोळी असतात आणि त्यांत वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होते. जोरदार चुंबकात वीज वाहणाऱ्या तारेला धक्का बसतो, म्हणून ती वेटोळी थरथरतात आणि ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखी वाजतात. लेथच्या मोटारीचा गुंजारव याच जातीचा असतो. आवाज येतो म्हणजे यंत्र नीट काम करते आहे. कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही मागून घ्यावेत. ३४ वर्षे कारखान्यात घालवलेल्या कानांना तर त्यांची अधिकच गरज आहे. आणि आवाज चालू असताना खोकणे, कंबर हलवणे टाळावे, कारण एकेका चित्राची नोंद काही मिनिटे चालते आणि मधल्या एका हालचालीने सगळी नोंद पुसट होते. पाठीवर पडून कळ येत असेल तर गुडघ्यांखाली उशी मागावी आणि दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी घ्यावी.

धातूबद्दल पुन्हा बजावून सांगते, कारण अपघात झालेले आहेत ते इथेच. हे चुंबक नायोबियम-टायटॅनियमच्या तारांचे असते आणि द्रव हेलियमने त्या उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेल्या असतात. इतक्या थंडीत तारेचा विरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेली वीज तीत फिरतच राहते. त्यामुळे रुग्ण आत नसताना, रात्री केंद्र बंद असताना, इतकेच काय गावातली वीज गेलेली असतानाही चुंबक पूर्ण जोरात चालू असते. ‘मशीन बंद आहे’ असे समजून मुंबईतल्या एका रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये रुग्णाच्या एका नातेवाइकाने ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीत नेला आणि चुंबकाने सिलिंडरसकट त्या तरुणाला ओढून घेतले. त्यात त्याचा जीव गेला. कोणी काहीही सांगितले, अगदी कर्मचाऱ्याने सांगितले तरी, लोखंडाची वस्तू हातात घेऊन त्या दारातून आत पाऊल टाकायचे नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. बाबांचा करदोटा, ताईत, अंगठी, घड्याळ, पट्टा, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, खिशातली किल्ली, नाणी, एटीएम कार्ड, मोबाइल हे सगळे बाहेर राहू द्या. तुम्ही आत बसणार असाल तर मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांतल्या पिना उतरवून ठेवा आणि जरीकाठी साडी नेसून जाऊ नका, कारण जरीत धातूची तार असू शकते. सोने चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते अंगावर ठेवावे असा हट्ट काही जणी धरतात, परंतु साखळीचे कडे आणि फासा कशाचे आहेत हे कोणालाच माहीत नसते, शिवाय बंद कड्यात वीज उद्भवून चटका बसण्याचा धोकाही असतो. याच कारणाने बाबांना सांगा, की आत हात जोडून किंवा पायांवर पाय ठेवून झोपायचे नाही. उघड्या त्वचेला त्वचा टेकली की शरीराचेच कडे तयार होते. अंगावर औषधी पट्टी चिकटवलेली असेल तर तीही काढावी, काहींच्या पाठीला धातूचा वर्ख असतो.

कमरेच्या अशा तपासणीत सहसा रक्तवाहिनीतून औषध देत नाहीत. द्यायची वेळ आलीच, तर ते गॅडोलिनियमचे संयुग असते. ते आजूबाजूच्या प्रोटॉनांना लवकर सावरायला लावते आणि तो भाग उजळतो. मूत्रपिंडे फार निकामी असतील तर ते जपून वापरावे लागते, म्हणून क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल असेल तर फाइलमध्ये ठेवा.

अहवाल हातात आल्यावर एका गोष्टीसाठी मन आधीच तयार करा. त्यात ‘डिस्क बल्ज’ (गादी फुगणे), ‘डिजनरेशन’ (गादी झिजणे) असे शब्द जवळजवळ नक्की असतील, आणि ते वाचून घरात काळजी पसरेल. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा हजारो लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या निरोगी लोकांपैकी ८८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६९ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे हे शब्द बाबांच्या वयाचे वर्णनही असू शकतात. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा आहे, की चित्रात दाबली गेलेली शीर आणि बाबांची कळ जिथे जाते ती डाव्या अंगठ्याची वाट, यांचा मेळ बसतो का? मेळ बसला तरच पुढच्या उपचारांना अर्थ आहे, आणि त्यातही शस्त्रक्रिया लागेलच असे नाही. अहवालाच्या कागदाइतकीच चित्रांची सीडी किंवा फिल्म जपून ठेवा, दुसरे मत घ्यायचे झाल्यास तीच उपयोगी पडते.

हे सगळे शांतपणे, दोन-चार दिवसांत करण्यासारखे आहे. मात्र बाबांना लघवी अडू लागली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, किंवा चालताना डावे पाऊल घसटू लागले, तर ठरवलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा आणि तिथे पोहोचल्यावर डोळ्यातल्या कणाबद्दल पहिल्यांदा सांगा.